दहीपुलाजवळचं प्रचार साहित्याचं दुकान: लहान उमेदवारानं माल कुठून घ्यावा

जानेवारी २०२६ मधल्या नाशिक महापालिकेच्या निवडणुकीत माझ्या जाऊबाई सिडकोतून अपक्ष उभ्या होत्या. उपरणी, झेंडे, बिल्ले, पत्रकं, डमी मतदान यंत्रं असा प्रचाराचा सगळा माल आम्ही दहीपुलाजवळच्या बोळातल्या एका दुकानातून घेतला. आता खर्चाचा हिशेब देऊन झालाय, देणंघेणं मिटलंय, म्हणून सवडीनं लिहिते. जिल्हा परिषदेला, पंचायत समितीला उभं राहणाऱ्यांना आणि पुढच्या वेळी महापालिकेत उतरणाऱ्या लहान उमेदवारांना याचा उपयोग व्हावा.

आधीच सांगते, या दुकानाशी माझा जुना संबंध आहे. मी शिवणकाम करते. २०१२ आणि २०१७ या दोन्ही निवडणुकांत इथले झेंडे मी घरी शिवायला आणले होते, नगावर. कोणाला माझं मत एका बाजूचं वाटलं तर त्यांनी तसं धरावं. पण टीप कशी पडलीय, कापड किती दिवस टिकेल, रंग जाईल का, हे मला हातात घेतल्यावर कळतं, आणि या वेळी मी पैसे देणाऱ्यांच्या बाजूला उभी होते.

दुकानाचं नाव मुद्दाम देत नाही. शेठनी हात जोडून सांगितलं, "ताई, काय लिहायचं ते लिहा, पाटी तेवढी लिहू नका. मी सगळ्या रंगांचं काम करतो. एकानं कौतुक केलं की दुसऱ्याला वाटतं, हा त्यांचा माणूस." शोधायला अवघड नाही. सिडकोहून बसनं शालिमारला उतरायचं, मेन रोड धरायचा, जुन्या नगरपालिकेच्या इमारतीवरून पुढे दहीपुलाकडे वळायचं. लेस, दोरे, बटणं विकणारी दुकानं लागतात, त्याच्या पुढच्या बोळात दारात बांबूच्या काठ्यांचे भारे उभे करून ठेवलेले दिसतील. तेच.

२०१२ ची निवडणूक १६ फेब्रुवारीला होती. संक्रांत झाली आणि दुकानातून निरोप आला, मशीन मोकळं आहे का म्हणून. तेव्हा मनसेचा झेंडा वेगळा होता. भगवा, निळा, हिरवा आणि मध्ये पांढऱ्या पट्ट्या. लहान झेंडे छापूनच यायचे, त्यांचा काठ दुमडायचा आणि काठीसाठी बाही घालायची, एवढंच काम. मिरवणुकीतले मोठे झेंडे मात्र शेठ पट्ट्या जोडून शिवायला द्यायचे, कारण छापलेला रंग उन्हात विटतो आणि मोठ्या झेंड्यावर ते लांबून दिसतं. साटीन सरकतं. आधी धावदोरा घालायचा, मग टीप मारायची, मग उलट बाजूनं दुसरी टीप. एका मोठ्या झेंड्याला वीस मिनिटं जायची. त्याचे नऊ रुपये मिळायचे, लहानाचा सव्वा रुपया. मुलीची दहावीच्या क्लासची फी त्या महिन्यात मी याच पैशांतून भरली.

निकालाच्या दिवशी १२२ पैकी ४० जागा मनसेच्या आल्या. दुपारी शेठचा फोन, "जेवढे झालेत तेवढे घेऊन या, दोरे कापायचे राहिले असतील तरी चालेल." रिक्षात गठ्ठा मांडीवर घेऊन गेले. शालिमारच्या पुढे रिक्षा जाईना, गुलालानं सगळा रस्ता लाल. उतरून डोक्यावर गठ्ठा घेतला आणि चालत गेले. दुकानाच्या दारातच पोरांनी झेंडे हातोहात उचलले. माझ्या हाताची टीप असलेला झेंडा डोळ्यांसमोर वर गेलेला मी पहिल्यांदा तेव्हा पाहिला.

बहुमताला ६२ लागतात, त्यामुळे चाळीसवर भागणार नव्हतं. भाजपच्या पाठिंब्यावर यतीन वाघ महापौर झाले. अडीच वर्षांनी अशोक मुर्तडक आले, तेव्हा साथीला काँग्रेस आणि राष्ट्रवादी होती. २०१५ चा कुंभमेळा त्यांच्याच काळात झाला. आणि मग २०१७. २१ फेब्रुवारीला मतदान, २३ ला निकाल. भाजप ६६, शिवसेना ३५, काँग्रेस ६, राष्ट्रवादी ६, मनसे ५. पाच वर्षांत चाळीसवरून पाचवर. शहरानं एवढं पारडं फिरवलेलं मी माझ्या डोळ्यांसमोर पाहिलेलं नव्हतं. निवडणुकीच्या पंधरा दिवसांत माझ्या मशीनवर कमळच कमळ येत होतं, तरी असा निकाल लागेल असं मलाही वाटलं नव्हतं. झेंड्यांवरून मतांचा अंदाज बांधू नये, हे मी त्या वर्षी शिकले.

शेठकडे मनसेचे जोडून शिवलेले मोठे झेंडे शिल्लक राहिले. पुढच्या खेपेला उपयोगी पडतील म्हणून त्यांनी ते माळ्यावर बांधून ठेवले. २०२० च्या जानेवारीत पक्षानं झेंडाच बदलला, भगवा केला, त्यावर राजमुद्रा आली. जुन्यांचा काही उपयोग उरला नाही. शेठनी मला बोलावलं आणि सगळा गठ्ठा दिला, पैसे घेतले नाहीत. नऊ रुपयांनी मारलेल्या टिपा मी स्वतःच्या हातानं उसवल्या. साटीन चांगलं होतं. निळं अस्तराला गेलं, हिरव्याच्या पर्सेस झाल्या. उसवताना सुई मुठीत धरून बराच वेळ बसून राहिले होते, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. ज्या पोरांनी ते झेंडे उचलले होते त्यांचे चेहरे आठवत होते.

हे सगळं सांगायचं कारण असं की, या दुकानाची परीक्षा सत्ता बदलते तेव्हा होते. जिंकणाऱ्यांच्या मागे सगळे धावतात. निकालानंतर हरलेल्यांचं सामान परत घ्यायचं, त्यांची उधारी मागायची, त्यांच्याशी बोलायचं कसं, यात दुकानदार कळतो. २०१७ च्या निकालानंतर आठवड्यानं मी मजुरी आणायला गेले होते. एक पडलेले उमेदवार बाकावर बसले होते. शेठनी त्यांच्यासाठी चहा मागवला, वही काढलीसुद्धा नाही. ते स्वतः म्हणाले, "शेठ, दोन हप्त्यांत देतो." शेठ म्हणाले, "तुम्ही कुठे गाव सोडून चाललाय?" एवढंच बोलणं. त्याच वेळी जिंकलेल्यांची माणसं हारतुरे आणि कमानीचं कापड न्यायला आली होती, त्यांना शेठनी सांगितलं, पाच मिनिटं थांबा.

आता दुकानाबद्दल. आत शिरलं की डाव्या हाताला लाकडी कपाट, त्याला खण, प्रत्येक खणात एका चिन्हाचा माल. कमळ, पंजा, धनुष्यबाण, घड्याळ, इंजिन, असे पूर्वी होते. आता मशालीचा खण आहे, तुतारी वाजवणाऱ्या माणसाचा आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये शिवसेनेचं नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला मिळाला, वर्षभरानं घड्याळ अजित पवारांच्या पक्षाकडे गेलं. चिन्ह तेच राहिलं, फोटो बदलले. २०१७ चे उरलेले धनुष्यबाणाचे नुसते झेंडे चालून गेले, पण ज्यावर नेत्यांचे फोटो होते त्या मालाला कोणी हात लावेना. शेठ आता उमेदवाराचा किंवा नेत्याचा फोटो असलेला एकही नग जास्तीचा छापत नाहीत. ऑर्डर असेल तेवढाच.

माळ्यावर २०२२ ची कॅलेंडरं अजून आहेत. त्या मार्चमध्ये महापालिकेची मुदत संपली, निवडणूक लागणार म्हणून इच्छुकांनी कॅलेंडरं छापून घेतली, तीन सदस्यांच्या प्रभागाचा आराखडा आला म्हणून तिघांचे फोटो असलेली पत्रकंही झाली. मग ओबीसी आरक्षणाचा विषय सुप्रीम कोर्टात, मग रचना रद्द, मग तारखा. महापालिकेवर प्रशासक बसले ते जवळजवळ चार वर्षं राहिले. मे २०२५ मध्ये कोर्टानं निवडणुका घ्या म्हणून सांगितलं तेव्हा कुठे गाडं हललं. लोकसभा आणि विधानसभा २०२४ मध्ये झाल्या, त्यात दुकान तगलं. पण शेठ म्हणतात, खरी विक्री पालिकेच्या निवडणुकीला, कारण गल्लीगल्लीत उमेदवार असतो. त्यांचं तर धंद्याचं नुकसान झालं. आमच्याकडे त्या चार वर्षांत ड्रेनेज तुंबलं तर दारावर जाऊन हाक मारावी असं निवडून दिलेलं माणूस नव्हतं. जाऊबाई बचत गट चालवतात. बायका त्यांच्याकडेच तक्रारी घेऊन यायला लागल्या, त्यातून त्या उभ्या राहिल्या. पक्षाकडे त्यांनी तिकीट मागितलंच नाही.

अपक्षाची खरी अडचण वेळेची असते. पक्षाचा उमेदवार महिनाभर आधी झेंडे आणून ठेवतो, त्याला चिन्ह ठाऊक असतं. आम्हाला चिन्ह मिळालं ३ जानेवारीला, शनिवारी. कपबशी. मतदान १५ तारखेला आणि प्रचार १३ च्या संध्याकाळी बंद. म्हणजे हातात दहा दिवस, त्यात छापायचं, शिवायचं आणि घरोघर पोहोचवायचंसुद्धा. आधी ऑनलाइन चौकशी केली होती. एका ठिकाणी सगळे पैसे आधी भरा आणि आठ ते दहा दिवस धरा असं उत्तर आलं. तिथेच फोन ठेवला.

शनिवारी संध्याकाळी सातला आम्ही दोघी दुकानात पोहोचलो. बाहेर तीन टेम्पो, आत पाय ठेवायला जागा नाही. मोठ्या पॅनेलची माणसं चार चार उमेदवारांचा माल एकदम उचलत होती. शेठनी आम्हाला आत माळ्याच्या जिन्यापाशी बसवलं आणि चार गोष्टी विचारल्या. जागा कोणती, अ, ब, क की ड? यंत्रावर अनुक्रमांक किती? आयोगाचा चिन्हाचा कागद आणलाय का? निवडणुकीसाठी बँकेत वेगळं खातं उघडलंय का? यातल्या तीन गोष्टी आमच्याकडे होत्या, चिन्हाचा कागद नव्हता. भाच्यानं मोबाईलवर कपबशीचं एक सुंदर रंगीत चित्र शोधून ठेवलं होतं, वाफा येणारा चहा, सोनेरी कड. शेठनी ते पाहिलं आणि बाजूला ठेवलं. "मतदाराला यंत्रावर जे दिसणार तेच कापडावर पाहिजे. तिथे सोनेरी कड नसते." ड्रॉवरमधून मुक्त चिन्हांचा छापील तक्ता काढला, काळ्या रेघांची साधी कपबशी, आणि त्यावरूनच स्क्रीन करायला पाठवली. दुसऱ्या कोणी रंगीत चित्र छापून दिलं असतं आणि आम्हीही खूश झालो असतो.

आम्ही यादी केली होती, तीनशे उपरणी, दोनशे झेंडे, पाचशे बिल्ले, शंभर टोप्या. शेठनी विचारलं, "रोज फेरीला तुमच्याबरोबर किती बायका येणार?" जाऊबाईंनी खरं सांगितलं, तीस, फार तर चाळीस. "मग उपरणी शंभर घ्या, झेंडे साठ. टोप्या घेऊच नका, बायका घालत नाहीत. राहिलेले पैसे डमी यंत्रात टाका, ते घरात राहतं." जास्त माल घेणाऱ्याला कमी घ्या म्हणून सांगणारा दुकानदार मला तरी फार भेटलेला नाही.

डमी यंत्राबद्दल नीट लिहिते, कारण या निवडणुकीत सगळ्यात जास्त गोंधळ त्याच जागी होता. नाशिकमध्ये ३१ प्रभाग, त्यातले २९ चार सदस्यांचे आणि दोन तीन सदस्यांचे. चार सदस्यांच्या प्रभागात एका मतदाराला चार मतं द्यायची असतात, प्रत्येक जागेला एक. जागा वेगळी ओळखू यावी म्हणून मतपत्रिकेचा कागद वेगळ्या रंगाचा, अ पांढरा, ब फिकट गुलाबी, क फिकट पिवळा, ड फिकट निळा. चारही ठिकाणी बटण दाबलं की मगच बझर वाजतो. एखाद्या जागेला कोणीच पसंत नसेल तर तिथे नोटा दाबायचं, पण दाबायचंच. मोठ्या पक्षाचं पॅनेल असेल तर समजावणं सोपं, चारही ठिकाणी एकच चिन्ह. आमच्या जाऊबाई एकट्या, 'ब' जागेवर. बाईला सांगायचं काय? गुलाबी कागदावर नऊ नंबरला कपबशी, बाकी तीन ठिकाणी तुमच्या मनात येईल त्याला, पण चार बटणं दाबल्याशिवाय बाहेर पडू नका. एवढं उंबऱ्यावर उभं राहून दोन मिनिटांत पटवायचं, तेही कुकरची शिट्टी होत असताना.

शेठनी दिलेलं डमी यंत्र पुठ्ठ्याचं, खऱ्या यंत्राच्या साधारण निम्म्या आकाराचं. मुद्दामच तसं, हुबेहूब यंत्रासारखं करायचं नसतं. आमचं नाव आणि चिन्ह नऊ नंबरच्या ओळीत, बाकी सगळ्या ओळी कोऱ्या, कारण दुसऱ्या उमेदवारांची नावं त्यावर छापता येत नाहीत. कागद बरोबर त्या गुलाबी छटेचा. बटण दाबलं की खाली लहानसा लाल दिवा लागतो आणि बारीक आवाज येतो. पस्तीस रुपयाला एक. चाळीस घेतली. त्यातल्या दोन यंत्रांचे सेल दोन दिवसांत संपले, ते त्यांनी बदलून दिले. एका घरात सासूबाई वयानं ऐंशीच्या पुढच्या होत्या. त्यांनी डमी मांडीवर घेतलं आणि बोटानं ओळी मोजल्या, एक, दोन, तीन, करत नऊपर्यंत. मग बटण दाबलं, दिवा लागला, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं. चार वेळा. मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर, शंभर मीटरच्या रेघेच्या बरंच अलीकडे, त्या मला भेटल्या आणि बोटांनी नऊ दाखवून आत गेल्या. पस्तीस रुपये तिथेच वसूल झाले.

आता चूक कुठे झाली ते. ५ तारखेला पन्नास उपरण्यांचा पहिला गठ्ठा आला. कापड चौदा रुपयांतलं साधं साटीन होतं, बावीस रुपयांचं जाड मिळतं, ते आम्हाला परवडत नव्हतं. टीप सरळ, काठ ओव्हरलॉक केलेला, टोकांना गोंडे नाहीत, ते मी सांगितलंही नव्हतं. पण छपाई खाली उतरली होती. काठ दुमडल्यावर बशी अर्धी दुमडीत गेली आणि लांबून नुसता कप दिसायला लागला, तोही तिरका. मडकं वाटावं असा. मी तिथेच उलगडून शेठना दाखवलं. त्यांनी वाद घातला नाही. छपाईवाल्याला फोन लावला आणि मला म्हणाले, "ताई, काठ किती आत घेतलाय?" मोजला तर पाऊण इंच. पाव इंच पुरला असता. मागच्या खोलीतलं मशीन मोकळं होतं. मी बसले, काठ उसवले, बारीक दुमड घालून पुन्हा टीप मारली. तासाभरात बत्तीस उपरणी वाचली, बशी पूर्ण दिसायला लागली. उरलेली अठरा त्यांनी रात्रीत नवीन छापून दिली. पैसे घेतले नाहीतच, माझ्या तासाभराची मजुरी लावून बिलातून वजा केली. मी नको म्हणत होते.

शिवण येत नसेल त्यांनी एवढं करावं, पहिला नग घेतल्यावर काठ उलगडून पाहावा आणि दहा पावलं मागे जाऊन चिन्ह ओळखू येतंय का ते बघावं. दुकानात उभं राहून हातभर अंतरावरून सगळंच छान दिसतं.

रंगाचं मी घरी पाहिलं. एक उपरणं रात्रभर साबणाच्या पाण्यात टाकलं. कापडाचा रंग गेला नाही, चिन्हाची काळी शाई कडेला थोडी फुटली. दहा दिवसांच्या प्रचाराला पुरतं. झेंड्यांचं कापड पातळ आहे, पण बाही डबल टीपेची, काठी आरपार जात नाही. बिल्ले चार रुपयाला, समोरून सुरेख, मागची पिन कमकुवत. थंडीच्या दवानं तिसऱ्या दिवशी गंज धरला आणि एकीच्या पांढऱ्या साडीवर डाग पडला. बिल्ले घेऊ नका, किंवा चुंबकाचे मागा, महाग आहेत पण कपडे वाचतात. टोप्या मी घेतल्या नाहीत, हाताळल्या. कागद घातलेल्या आहेत, घामानं मऊ पडतील.

स्टिकर मागितले तर शेठ आधी विचारतात, लावणार कुठे? भिंतीवर, फाटकावर घरमालकाच्या परवानगीशिवाय लावले तर गुन्हा दाखल होतो, हे त्यांनी आम्हालाही सांगितलं आणि शेजारी उभ्या असलेल्या एका मोठ्या पॅनेलच्या पोरांनाही तितक्याच स्पष्टपणे सांगितलं. पत्रकं त्यांच्या ओळखीच्या छापखान्यात होतात. खाली मुद्रकाचं नाव, प्रकाशकाचं नाव, पत्ता आणि प्रतींची संख्या, हे न सांगता आलं. आमच्या मजकुरात नाव मोठं आणि अनुक्रमांक बारीक होता. छापखान्यातल्या दादांनी विचारलं, उलटं करू का? केलं. फ्लेक्स त्यांच्याकडे होत नाही, बाहेरून करून देतात आणि तसं सांगतात. आम्ही केला नाही.

बिलाच्या बाबतीत मला या दुकानाला पूर्ण गुण द्यावेसे वाटतात. उमेदवाराला खर्चाचा हिशेब रोजच्या रोज ठेवावा लागतो आणि निकालानंतर तीस दिवसांत अंतिम हिशेब सादर करावा लागतो. निवडणूक कार्यालयाचं दरपत्रक असतं, उपरणं किती, झेंडा किती, चहा किती, त्याच्याशी तुमची बिलं ताडून पाहतात. 'प्रचार साहित्य' एवढंच लिहिलेलं बिल आणलं तर धाप लागेपर्यंत प्रश्न विचारतात. या दुकानाच्या बिलावर प्रत्येक नग वेगळा, माप, संख्या, दर, कर, तारीख, सगळं होतं. बदलून दिलेली अठरा उपरणीसुद्धा वेगळी नोंदवली होती, म्हणजे कोणी विचारलं तर उत्तर तयार. पैसे चेकनं आणि यूपीआयनं, निवडणुकीच्या खात्यातूनच. जाऊबाईंचा हिशेब पहिल्या फेरीत मान्य झाला. चार उमेदवारांच्या पॅनेलचा खर्च चौघांत वाटला जातो, एकटीच्या डोक्यावर सगळाच पडतो, तिला अशा बिलाचा आधार फार असतो.

गैरसोयी आहेत. गाडी लावायला जागा अजिबात नाही, शालिमारला लावून चालत या. माळ्याचा जिना अरुंद आणि उभा आहे, गुडघे दुखत असतील तर वर जाऊ नका, माल खाली मागवा. घरपोच देत नाहीत. संध्याकाळी सात ते नऊ फोन उचलत नाहीत, कामावरची पोरं तेव्हा तुटकपणे बोलतात. सकाळी साडेदहाला गेलात तर तीच पोरं स्टूल पुसून देतात. माल कधी मिळेल ते कागदावर लिहून देत नाहीत, तोंडी सांगतात. आमचा एकदाच अर्धा दिवस उशीर झाला. तरी मला वाटतं लिहून द्यावं. ज्याच्याकडे दहाच दिवस आहेत त्याला अर्धा दिवस फार असतो. शेठना मी हे तोंडावर सांगितलंय.

१३ तारखेला प्रचार संपला. १४ ला संक्रांत होती. कोणाच्या घरी तिळगूळ द्यायला जायचं तर जाऊबाईंनी उपरणं काढून पिशवीत ठेवलं, आमच्या सगळ्यांकडून काढून घेतलं. १५ ला मतदान, १६ ला मोजणी. आम्ही हरलो. शहरात भाजपची सत्ता कायम राहिली, आमच्या प्रभागात पॅनेल निवडून आलं. त्यांच्या नवीन नगरसेविका घरी येऊन भेटून गेल्या, जाऊबाईंनी त्यांच्या हातात ड्रेनेजच्या तक्रारींची यादी दिली. २०२७ मध्ये कुंभ आहे, शहरात खोदकाम वाढणार, यादीही वाढेल.

१७ ला शनिवारी मी राहिलेले पैसे द्यायला दुकानात गेले. वापरलेल्या काठ्या ते निम्म्या भावानं परत घेतात, सरळ आणि न चिरलेल्या असतील तर. मी पंचावन्न नेल्या होत्या. शेठनी स्वतः एक एक काठी डोळ्याला लावून पाहिली, सेहेचाळीस घेतल्या, नऊ परत दिल्या. त्या आता आमच्या दारातल्या टोमॅटोला लावल्यात. चिन्हांच्या कपाटावर चादर टाकलेली होती आणि बाकावर सव्वीस जानेवारीचे तिरंगे मोजायचं काम चाललं होतं. कोपऱ्यात शिवजयंतीसाठी भगव्या साटीनचे दोन तागे आले होते. शेठनी विचारलं, मशीन मोकळं आहे का. दीडशे झेंडे घेऊन आले. या वेळी काठ पाव इंच, बाही डबल टीप, नगाला सहा रुपये, द्यायचे १० फेब्रुवारीला. तारीख त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिली.